कोरी जागा

पुस्तक हाती आले तेव्हा आजींनी ते प्रथम मस्तकाला लावले आणि मग उघडले. चार-दोन पाने उलटली, मुखपृष्ठाच्या उठावदार अक्षरांवरून बोट फिरवले. "फार सुंदर झालंय गं बाळ," असे म्हणून त्यांनी ते कपाटात, नव्या साड्यांच्या घडीवर जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे सामायिकाला बसताना मात्र त्यांनी पुढ्यात घेतले ते आपले जुनेच पुस्तक: कडा झिजलेले, पाठीचा दोरा सुटलेले, फाटलेली पाने पोस्टाच्या तिकिटांच्या पांढऱ्या कडांनी सांधलेले. नात दारातून पाहत होती.

सांगलीत हळदीची अडत असलेल्या घरातील ही मुलगी पुण्यास उपयोजित कलेचे शिक्षण घेत होती. अक्षररचना आणि पृष्ठमांडणी हा तिचा आवडता विषय. वर्षअखेरीस प्रत्येकाने एक छोटे पुस्तक स्वतः रचून छापून आणावे असे ठरले, तेव्हा तिने भक्तामर स्तोत्र निवडले. आजींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा राहिला होता. त्यांच्या रोजच्या पाठासाठी चांगले पुस्तक करावे हा हेतू मनापासूनचा होता. शिक्षकांनी त्या पुस्तकाची प्रशंसा केली, वार्षिक प्रदर्शनात ते काचेखाली मांडले गेले. इतक्या जणांनी नावाजलेले पुस्तक ज्या एका व्यक्तीसाठी केले तिनेच मिटून ठेवावे, याचे शल्य मोठे होते. तरी कारण विचारण्याचे धैर्य होण्यास दिवाळीची सुटी उजाडावी लागली.

विचारल्यावर आजींनी प्रथम टाळले. जुन्याची सवय आहे, नवे मळेल, अशी कारणे झाली. शेवटी नातीने ते पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवले आणि वाचून दाखवण्याचा हट्ट धरला. पहिले काही श्लोक आजींनी अस्खलित म्हटले, परंतु ते वाचन नव्हते, पाठ होते. नजर पानावर असली तरी डोळे काही टिपत नव्हते. पुढे एके ठिकाणी स्मरण अडखळले, आधारासाठी त्यांनी खरोखर पानाकडे पाहिले आणि त्यांचे बोट दोन ओळींच्या मध्ये घुटमळू लागले. खालची ओळ कोणती, वरची कोणती, हेच कळेना. पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, "डोळेच गेले गं माझे. पुस्तकाचा काय दोष?"

हे वाक्य त्या मुलीला टीकेपेक्षा अधिक लागले. दोष पुस्तकाचाच होता आणि तो आजींनी निमूटपणे स्वतःच्या अंगावर घेतला होता. छापलेल्या पानाचा असा एक दरारा असतो. ते वाचता आले नाही, तर वाचणारा माणूस पानाला बोल लावत नाही, आपल्या डोळ्यांना, वयाला किंवा अडाणीपणाला बोल लावतो. पान रचणाऱ्याला त्याची चूक कोणी सांगतच नाही.

त्या दुपारी तिने स्वतःचे पुस्तक परक्याचे म्हणून तपासले. अक्षर तेरा पॉइंटांचे आणि कृश होते. शाई काळी नव्हती, राखाडी होती, कारण प्रदर्शनात ती अधिक तलम दिसे. कागद गुळगुळीत आर्ट पेपर होता आणि पहाटेच्या ट्यूबलाइटखाली तो चकाकत असे. श्लोकाचे दोन-दोन चरण एका ओळीत कोंबले होते. ओळींमधील अंतर इतके कमी होते की वरच्या ओळीचे उकार आणि जोडाक्षरांचे पाय खालच्या ओळीच्या रफारांना व मात्रांना जाऊन भिडत. पानाच्या अखेरीस एक श्लोक अर्धा कापला जाऊन उरलेला मागच्या बाजूस गेला होता. आणखी एक गोष्ट आजींनी जाता जाता सांगितली होती, "हा ल आपला नाही." खरोखरच नव्हता. मराठी माणूस पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो, हिंदीत त्यांची वळणे वेगळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वळणे निश्चित केली आहेत. चांगल्या संगणकीय अक्षरसंचांत दोन्ही वळणे असतात, मात्र मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला सांगावे लागते. तिने ते सांगितलेच नव्हते. प्रदर्शनाला आलेल्या एकाही जाणत्याच्या लक्षात न आलेली ही गोष्ट मोतीबिंदूच्या डोळ्यांनी टिपली होती.

त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन होते. दुकानाचा हिशेब केव्हाच संगणकावर गेला असला तरी लाल कापडी बांधणीची एक नवी वही अजूनही पूजेस आणली जाते. पहिल्या पानावर स्वस्तिक आणि दोन ओळी, की ती वर्षभर तशीच. पूजेचा चौरंग काढण्यासाठी माळ्यावर गेलेल्या मुलीच्या हाती आजोबांच्या वापरातल्या जुन्या वह्यांचा गठ्ठा लागला. लहानपणी तिने त्या पाहिल्या होत्या, परंतु आता पाहणारे डोळे निराळे होते.

त्या वह्यांच्या पानांवर एकही आखलेली रेघ नव्हती. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले होते, डावीकडे चार आणि उजवीकडे चार. डावी बाजू जमेची, उजवी नावेची. प्रत्येक बाजूच्या पहिल्या सळात एकूण रक्कम आणि पुढच्या तीन सळांत तपशील. पोटातल्या किरकोळ रकमा आत सरकवून लिहिलेल्या, त्यांची बेरीज तेवढी कडेच्या सळात बाहेर आलेली. अक्षर सर्वत्र एकाच आकाराचे, शाई एकच. ठळक, तिरपे, रंगीत असे काहीही नव्हते. तरीही कोणत्याही पानावर नजर टाकावी आणि दिवसाची एकूण रक्कम क्षणात सापडावी. वर्गात स्वित्झर्लंडमधील रचनाकारांच्या पुस्तकांतून तिला जी शिकवण मिळाली होती, पानाला आधी अदृश्य चौकट असावी आणि मजकुराने तिच्या आधाराने उभे राहावे, ती इथे कागदाच्या घडीत होती. म्हणून आजोबा थोर रचनाकार होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी वहीची रीत आपल्या वडिलांकडून घेतली, एवढेच. परंतु वहीचा जवळजवळ अर्धा कागद कोरा सोडून देण्याची ही रीत ज्यांनी पाडली, ते कवडीचा हिशेब ठेवणारे लोक होते. त्यांना कागदाची किंमत ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

सुटी संपवून ती पुण्यास परतली ती या प्रश्नासह. त्या वर्षी शिक्षकांनी वर्गाला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत नेले. तेथील संग्रहात जैन हस्तलिखिते पुष्कळ आहेत. कागदावरची एक आडवी, लांबट पोथी त्यांना दाखवण्यात आली. प्रत्येक पानाच्या मधोमध चौकोनी जागा कोरी होती आणि तिच्यात तांबडा ठिपका. जुन्या ताडपत्रांना दोरा ओवण्यासाठी भोक पाडावे लागे आणि त्याभोवती लेखनिक जागा सोडीत. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज संपली, तरी ती मोकळी जागा लेखनिकांनी टाकली नाही. दुसऱ्या एका पोथीत मूळ सूत्र मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि टीका वर-खाली बारीक अक्षरांत होती. या मांडणीला त्रिपाठ म्हणतात, टीका दोन्ही समासांतही गेली की पंचपाठ. कोणते शब्द मुळाचे आणि कोणते टीकाकाराचे, हे एक अक्षरही न वाचता कळावे अशी ती सोय. ओळी सरळ याव्यात म्हणून लेखनिक फळीवर दोरे ताणून बसवीत आणि कागद त्यांवर दाबून शाईविना रेघा उमटवीत. मुलीला तत्काळ वहीचे सळ आठवले. चूक झाली तर तेवढ्या जागेवर हरताळ लावून वर शुद्ध अक्षर लिहीत. मराठीत आपण 'हरताळ फासणे' म्हणतो ते या पिवळ्या द्रव्यावरूनच, हे तिला तेथे प्रथम कळले.

ग्रंथालयात मग तिने बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथाचे १९७१ मध्ये निघालेले खंड काढले. त्यातून आणि जुन्या छापखान्यांच्या माहितीतून तिला आपल्या पुस्तकाचे दुखणे नेमके सापडले. अक्षराचा आकार पॉइंटांत मोजतात, ७२ पॉइंटांचा साधारण एक इंच. परंतु हे माप दिसणाऱ्या अक्षराचे नसते, ते अक्षर ज्या शिशाच्या खिळ्यावर उभे असे त्या खिळ्याचे असते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा राखावी लागते. त्यामुळे बारा पॉइंटांचे मराठी अक्षर बारा पॉइंटांच्या इंग्रजी अक्षराशेजारी लहानच दिसते. खिळ्यांच्या काळी दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी हाताने घालावी लागे, म्हणजे जुळाऱ्याला प्रत्येक वेळी त्या अंतराचा विचार करावा लागे. संगणक ते अंतर न विचारता घालतो आणि पुष्कळदा ते रोमन लिपीच्या बेताचे असते. तिने ते तसेच स्वीकारले होते.

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकेही तिने चाळली. तेथील काव्यमाला या मालेच्या सातव्या गुच्छकात भक्तामर स्तोत्र आहे, हे पाहून तिला जुन्या परिचिताची भेट व्हावी तसा आनंद झाला. त्या अक्षरांची पोटे मोकळी आणि अंगे भरलेली आहेत. नाजूकपणाचा सोस कोठेही नाही.

वर्गात एका व्याख्यानाचा उल्लेख वारंवार होई. १९३० च्या दशकाच्या आरंभी बिआट्रिस वॉर्ड या विदुषीने लंडनमध्ये मुद्रणाला पारदर्शक काचेच्या चषकाची उपमा दिली. चषक असा असावा की पाहणाऱ्याला आतील मद्याचा रंग दिसावा, चषक दिसू नये. आजींना ही गोष्ट सांगताना नातीने मद्याच्या जागी गाळलेले पाणी घातले. आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पाणी नीट गाळलं गेलं की नाही ते बघायलाही काचेचाच पेला लागतो." उपमा वॉर्डबाईंच्या मूळ हेतूपासून जरा दूर गेली खरी, परंतु घरात तेव्हापासून हीच चालते.

उन्हाळ्याच्या सुटीत ती घरी आली तेव्हा हळदीचा हंगाम चालू होता. दुकानात बसल्या बसल्या तिचे लक्ष शेतकऱ्यांना दिल्या जाणाऱ्या हिशेबपट्टीकडे गेले. पट्टी हाती पडली की बहुतेक जण ती उलटसुलट करीत आणि दिवाणजींना विचारीत, "हातात किती पडणार?" दिवाणजी बोट ठेवून आकडा दाखवीत. एक वृद्ध गृहस्थ तर संकोचून म्हणाले, "शाळा झाली न्हाई, त्यामुळं कळत न्हाई." तिला आजींचे वाक्य आठवले. तिने पट्टी मोजून पाहिली. कागदाचा वरचा तिसरा हिस्सा दुकानाच्या नावाने व्यापला होता. त्याखाली घोषवाक्य, तीन दूरध्वनी क्रमांक, बँकेचा तपशील. मग पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई अशा खिचून भरलेल्या चौकटी आणि सर्वांत खाली उजव्या कोपऱ्यात, सहीच्या शेजारी, ज्यासाठी तो माणूस पहाटे गाव सोडून आला ती निव्वळ रक्कम. आकड्यांची रुंदी सारखी नसल्याने एकंखाली एकं, दहंखाली दहं येत नव्हते.

तिने नवी पट्टी मांडली. दुकानाचे नाव एका ओळीत घेतले. चौकटींच्या रेघा काढून टाकल्या, वजावटीच्या रकमा वहीतल्याप्रमाणे आत सरकवल्या, सारख्या रुंदीचे आकडे वापरले आणि निव्वळ रक्कम डावीकडे, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून एकटी ठेवली. वडिलांना ते मुळीच रुचले नाही. नाव आजोबांचे होते. "बापाचं नाव लहान करून पोराने मोठं व्हायचं का?" असे ते जेवताना म्हणाले आणि विषय तेथेच थांबला. व्यापारी घरात दुकानाचे नाव ही केवळ अक्षरे नसतात, हे मुलीलाही कळत होते, त्यामुळे ती वाद घालू शकली नाही. तिने जेवणानंतर माळ्यावरची वही आणून त्यांच्यासमोर ठेवली. आजोबांच्या वहीत दुकानाचे नाव आरंभीच्या पानावर एकदाच होते, तेही इतर अक्षरांच्याच आकाराचे. वडील बराच वेळ वही चाळीत राहिले. त्यांचे लक्ष मांडणीकडे किती होते आणि वडिलांच्या हस्ताक्षराकडे किती, कोण सांगणार?

शंभर पट्ट्यांचे एकच पुस्तक प्रयोगादाखल छापण्यास परवानगी मिळाली. ते संपल्यावर दिवाणजी आपण होऊन म्हणाले, "ताई, आता लोक मला कमी विचारतात. भावावरून भांडतात, ते भांडतातच." पुढच्या छपाईत वडिलांनी दूरध्वनी क्रमांक पुन्हा तीन केले आणि नाव थोडे वाढवले. निव्वळ रकमेभोवतीची कोरी जागा मात्र कोणी भरली नाही.

आजींच्या पुस्तकाचे काम या वेळी टेबलावर न होता पाटाशेजारी झाले. नातीने निरनिराळ्या आकारांचे आणि कागदांचे नमुने काढले आणि सलग काही दिवस पहाटे, त्याच दिव्याखाली, आजींच्या शेजारी बसून ते वाचून घेतले. पूर्वी तिने एकदाही हे केले नव्हते. सर्वांत मोठे अक्षर सर्वांत सोयीचे ठरेल हा तिचा समज पहिल्याच दिवशी खोटा ठरला. चोवीस पॉइंटांचे पान बाजूला सारीत आजी म्हणाल्या, "एवढं नको. बालवाडीचं पुस्तक वाटतं." वीस पॉइंटांचे भरीव अक्षर, ओळींमध्ये ऐसपैस अंतर, पिवळसर झाक असलेला बिनचकाकीचा कागद आणि पूर्ण काळी शाई यांवर त्यांचे बोट फिरायचे थांबले. बोटाची गरजच उरली नाही.

भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे. चरणात चौदा अक्षरे, श्लोकात चार चरण. एक चरण एका ओळीत घेतला की प्रत्येक ओळ जवळपास सारख्या लांबीची येते आणि शब्द ताणावे लागत नाहीत. अडचण आली ती संधीची. काही ठिकाणी एका चरणाचे शेवटचे व्यंजन पुढच्या चरणाच्या पहिल्या स्वरात मिसळते, ओळ तोडावी कोठे? मंदिरातल्या पंडितजींनी अशा जागा खुणा करून दिल्या. श्वासाचा प्रश्न मात्र आजींनीच सोडवला. त्या प्रत्येक चरणानंतर थांबत नसत, दोन चरणांनंतर थांबत. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळींमध्ये किंचित जास्त जागा सोडली. पानावर दोनच श्लोक, कोणताही श्लोक पानाआड तुटणार नाही, क्रमांक तांबड्या शाईत.

वडिलांनी लगेच हिशेब मांडला. श्वेतांबर परंपरेत श्लोक चव्वेचाळीस, पण या घरच्या पाठात अठ्ठेचाळीस. पूर्वीचे पुस्तक सोळा पृष्ठांच्या एका फर्म्यात बसले होते. आता चोवीस पृष्ठे श्लोकांची, वर शीर्षक आणि इतर, म्हणजे दोन फर्मे. दुप्पट कागद! आणि दोन फर्म्यांत शेवटची काही पाने उरतात, त्यांवर निदान आरती तरी छापावी, असा त्यांचा आग्रह. आरती छापली गेली, ती योग्यच होते. तरी दोन पाने कोरी राहिली, त्यांवर आजींनी पुढे कोणाकोणाचे दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवले.

बांधणीचाही एक मुद्दा निघाला. पुस्तक ठवणीवर सपाट उघडे राहिले पाहिजे, हात लावून धरावे लागू नये, म्हणून दोऱ्याची शिलाई ठरली. बाइंडर सरस वापरत असे. सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होतो हे कळल्यावर आजींनी साफ नकार दिला. शेवटी खळीवर काम भागले. खळीत मोरचूद न घातल्यास कसर लागेल असे बाइंडरचे म्हणणे, तर मोरचुदाने त्या जीवांचे काय होईल अशी आजींची शंका. यावर दुपारभर चर्चा झाली आणि पुस्तक वर्षातून दोनदा उन्हात ठेवण्याचे आजींनी आपल्याकडे घेतले.

चातुर्मास सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात प्रती आल्या. आजींनी या वेळी मुखपृष्ठाकडे पाहिलेच नाही. पहाटे सामायिकात त्यांनी पुस्तक ठवणीवर ठेवले आणि ४८ मिनिटे पुरी होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्यावर पेन्सिल मागितली. एके ठिकाणी एक अनुस्वार सुटला होता, त्यावर त्यांनी बारीक खूण केली. नातीने जुने, झिजलेले पुस्तक काढून पाहिले, तर तोच अनुस्वार त्यातही नव्हता. मजकूर त्यावरूनच उतरवला होता.

"मग तू इतकी वर्षं बरोबर कशी म्हणत होतीस?" तिने विचारले.

"मी त्यातलं वाचत कुठे होते?" आजी म्हणाल्या. मग त्यांनी चार प्रती मैत्रिणींसाठी बाजूला काढल्या, पाचवी उचलून पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाल्या, "शेजारच्या काकूंना ही नको. त्यांचा चष्मा माझ्याहून जाड आहे. त्यांच्याजवळ बसून बघ जरा, त्यांना कोणतं अक्षर लागतं ते."